चंद्रकोर कुणाच्या रक्तात?

ज्याला ताप आहे त्या माणसाची आम्हाला कधी भीती वाटली नाही. तो आपणहून दवाखान्यात येतो, कण्हतो, बोट पुढे करतो. भीती असते ती ताप उतरून गेलेल्या माणसाची. तो बाजारात हिंडतो, लग्नात नाचतो, अंगणात शेजाऱ्यांशी गप्पा मारत बसतो, आणि त्याला चावलेला डास पुढच्या घरात शिरतो. हिवतापाच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. त्या नोकरीने मला एक खोड लावली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. समोरचा माणूस फार ठणठणीत दिसला की मला त्याचं बोट टोचून बघावंसं वाटतं.

मी मॉरिशसमधल्या क्वात्र बॉर्नची. वडील सरकारी कचेरीत कारकून. घरात बोलायचो ती पणज्याबरोबर कोकणातून बोटीने आलेली मराठी, बेटावरची क्रेओल बोली निम्मी मिसळलेली. मराठी नीट लिहायला शिकले पुण्यात, शिष्यवृत्तीवर प्रयोगशाळेचं शिक्षण घ्यायला गेले तेव्हा. तिथे लोक विचारायचे, मॉरिशसमध्ये मराठी कुठून आली? आणि परत आल्यावर काकू विचारायची, हे कुठलं गं मराठी बोलतेस? दोन्हीकडे मी थोडी संशयितच.

हिवताप बेटावरून गेला असं जाहीर होऊन फार दिवस झाले नव्हते, तोच पंचाहत्तरचं मोठं चक्रीवादळ आलं. घरं पडली, नवी सिमेंटची उभी राहिली, त्यांच्या सपाट छतांवर पाणी साचलं, त्यात डास वाढले आणि बाहेरून आलेल्या माणसांबरोबर ताप परत आला. घरोघर फवारणी सुरू झाली. आरोग्य खात्याची माणसं बोटं टोचून काचपट्ट्यांवर रक्ताचे थेंब घेत, आणि त्या पट्ट्या आमच्याकडे येत. निळ्या-जांभळ्या रंगात बुडवून, धुऊन, वाळवून त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, हे माझं काम.

हिवतापाचे दोन प्रकार इथे लक्षात ठेवले तर पुढचं सोपं होईल. एक माणसाला दमवतो, पुन्हा पुन्हा येतो, पण सहसा मारत नाही. वादळानंतर बेटावर पसरला तो हाच. दुसरा मेंदूपर्यंत जातो आणि मारतो. तो आमच्याकडे फक्त आफ्रिका, मादागास्कर किंवा भारतातून आलेल्या माणसांत सापडायचा. बेटावरच्या बेटावर कुणाला तो झाला असं माझ्या तरी पाहण्यात नव्हतं.

ऐंशीनंतरच्या पहिल्या वर्षांत आमचे डॉक्टर लालमन परदेशातून एक नवी विद्या शिकून आले. हिवतापाचा जंतू माणसाच्या अंगाबाहेर, काचेच्या चपट्या बशीत जिवंत ठेवायचा. ही पद्धत जगातच नवी होती. मादागास्करहून आलेला एक व्यापारी मारक तापाने इस्पितळात पडला होता. त्याच्या रक्ताचा अंश आम्ही बशीत घातला. त्यात कुणातरी निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी, रक्तातलं वरचं पिवळसर पाणी आणि औषधी मीठ-साखरेचं गुलाबी द्रावण. बश्या जाड काचेच्या बरणीत रचायच्या, त्यांच्याशेजारी मेणबत्ती पेटवायची आणि झाकण लावायचं. मेणबत्ती विझली की आतली हवा जंतूला मानवेल इतकी कोंदट झाली असं समजायचं. मग बरणी उबेच्या कपाटात. आणि रोज, रविवार असो की दिवाळी, बशी तिरकी धरून वरचं द्रावण काढून नवं भरायचं. तळाशी रक्ताचा पातळ थर बसलेला असे, ओल्या कुंकवासारखा.

हे कशासाठी, असं मला आईनेही विचारलं होतं. जो रोग घालवायला सरकार पैसे ओततं, तोच तुम्ही बाटलीत का पोसता? मी सांगितलं, कुठलं औषध चालतं ते माणसावर बघण्याऐवजी बशीत बघता येतं. आईने मान हलवली, पण मी घरी आल्यावर माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजू लागले.

प्रयोगशाळेतला तिसरा माणूस जिल्बेर. माझ्याच हुद्द्याचा, पोर्ट लुईचा, आफ्रिकी वंशाचा क्रेओल, कामात चोख, फक्त सिगरेट फार ओढायचा. पहिल्या वर्षी आमच्या बश्या मधूनच मरायच्या. आठवडाभर छान वाढलेला जंतू अचानक नाहीसा. डॉक्टरांना वाटे, जिल्बेरच्या बोटांवरची तंबाखू. जिल्बेरला वाटे, मेणबत्त्या. चर्चजवळच्या दुकानात त्या सुगंधी मिळत. मला आपलं वाटे की सुट्टीच्या दिवशी डॉक्टर स्वतः द्रावण बदलतात तेव्हा काहीतरी विसरतात. सगळे एकमेकांवर नजर ठेवून होतो आणि सगळे फार सभ्यपणे बोलत होतो.

शेवटी कारण सापडलं ते मिस्ये पियेर नावाच्या गृहस्थात. हे टपाल खात्यातले कारकून, आम्हाला नेमाने रक्त द्यायचे. मिळणारं सरबत आणि बिस्किटं त्यांना आवडत, आणि आपलं रक्त विज्ञानाच्या कामी येतं हे ते साऱ्या गल्लीला सांगत. त्यांच्या रक्ताचं पाणी घातलं की बश्या मरतात, एवढं मेळ घालून आमच्या ध्यानात आलं. मी त्यांना विचारलं, तुम्ही कसली गोळी घेता का? ते जरा लाजले. मग म्हणाले, मादमोआझेल, मी दर आठवड्याला क्लोरोक्विन घेतो. हिवतापाचीच गोळी. का, तर आमच्या प्रयोगशाळेत पाय ठेवायचा म्हणजे जंतू लागायची भीती. ज्यांना पोसायला ते रक्त देत होते, त्यांनाच ते बिचारे मारत होते. जिल्बेरने डॉक्टरांकडे पाहिलं आणि डॉक्टरांनी खिडकीबाहेर. पण त्या गोष्टीतून एक ठाम कळलं: आमच्या बशीतला जंतू क्लोरोक्विनच्या नुसत्या सावलीनेही मरतो.

डॉक्टरांना मात्र औषधापेक्षा वेगळंच हवं होतं. त्यांना चंद्रकोरी हव्या होत्या.

हा जंतू आपल्या रक्तात एकाचे अनेक होत राहतो. तांबड्या पेशीत शिरतो, वाढतो, फुटतो, पुन्हा नव्या पेशींत शिरतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो लहानशा अंगठीसारखा दिसतो, एका बाजूला लाल खडा बसवलेला. ताप येतो तो या अंगठ्यांमुळे. पण त्यांनी कितीही वाढ केली तरी त्या त्याच माणसात अडकलेल्या. डासाच्या पोटात गेल्या तर तिथेच पचून जातात. दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचायचं तर काही जंतूंना वाढ थांबवून नर किंवा मादी व्हावं लागतं. मारक जातीत हे नर-मादी बाकदार असतात, बायका कपाळावर कुंकवाची कोर रेखतात तसे; त्यांनाच आम्ही चंद्रकोरी म्हणायचो. दहा-बारा दिवस त्या अंगात दडून पक्व होतात आणि मग रक्तात फिरू लागतात. त्यांच्यामुळे ताप येत नाही. क्लोरोक्विनने त्या मरत नाहीत. माणूस बरा झालेला असतो, आणि डासाची वाट बघत चंद्रकोरी त्याच्या रक्तात असतात.

बशीत मात्र त्या येईनात. आम्ही दर थोड्या दिवसांनी ताज्या पेशी घालत होतो आणि जंतू खुशाल वाढत होता. त्याला नर-मादी होण्याची काय गरज? मग डॉक्टरांनी सांगितलं, द्रावण रोज बदला, पण ताजं रक्त घालू नका. जुन्याच रक्तात दाटी होऊ दे. दाटी झाली, बरेच मेले, मला वाटलं बशी गेली. तरी मी द्रावण बदलत राहिले. एका सकाळी काच बघताना कडेला काहीतरी लांबट दिसलं. रंगाचा डाग असेल म्हणून मी पुढे गेले, मग परत आले. दोन्ही टोकं निमुळती, मध्ये काळसर कण. मी जिल्बेरला बोलावलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला आणि म्हणाला, ही तर बाई आहे. मादी अंगाने सडपातळ आणि निळसर असते, नर जरा रुंद आणि गुलाबी. दाटीमुळे हे का घडतं, कुठला जंतू कोर होणार हे कोण ठरवतं, ते तेव्हा कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. आम्हाला फक्त करता येत होतं.

पुढची पायरी होती डासांची. मागच्या खोलीत जाळीच्या पिंजऱ्यांत डॉक्टरांनी डास पाळले होते. पातळ कातडीतून त्यांना बशीतलं रक्त पाजायचं आणि चंद्रकोरी त्यांच्यात रुजतात का ते बघायचं. त्याआधी खोलीला दुहेरी दार हवं, वरून परवानगी हवी, असं ठरलं होतं. आणि याच सुमाराला डॉक्टरांनी मागच्या खोलीला कुलूप घातलं. किल्ली स्वतःच्या खिशात. विचारलं तर म्हणाले, तिकडे सध्या काम नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ब्रीझे वेर्दिएरहून एक काचपट्टी आली.

ब्रीझे वेर्दिएर हे फ्लाक भागातलं शेतकऱ्यांचं गाव. माझे थोरले काका तिथलेच. शिवराम नावाचा त्यांच्या समोर राहणारा माणूस टोमॅटो पिकवायचा. त्याला ताप होता. त्याची पट्टी माझ्याच हाताखाली आली. आत अंगठ्या होत्या, बारीक, एकेका पेशीत दोन-दोन. मारक जात. शिवराम उभ्या जन्मात बेटाबाहेर गेला नव्हता.

मी पट्टी जिल्बेरला दाखवली, त्याने डॉक्टरांना. ही जात बेटावर त्या वेळी एकाच ठिकाणी कायम वस्तीला होती, आमच्या उबेच्या कपाटात. आणि आता तिच्यात चंद्रकोरी होत्या.

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, गेल्या महिन्यात तू त्या गावाला गेली होतीस ना? गेले होते, काकांकडे सत्यनारायणाला. त्यांनी सुई पुढे केली. मी स्वतःचं बोट टोचलं. जिल्बेरनेही टोचलं. दोन्ही पट्ट्या कोऱ्या निघाल्या. मग मी सुई डॉक्टरांपुढे धरली. ते म्हणाले, माझं मी बघेन. त्या क्षणी माझा संशय पक्का झाला. परवानगीची वाट न बघता यांनी डासांना रक्त पाजलंय, आणि एखादा पिंजऱ्यातून सुटलाय. आता कुलूप कशाला, ते उघड होतं. जिल्बेर म्हणाला, क्वात्र बॉर्नजवळून डास उडत फ्लाकला जाईल का? मी म्हटलं, उडत नाही, पण बसमध्ये बसून जाईल. त्याला हसू आलं नाही.

शिवरामला इस्पितळात हलवलं. क्लोरोक्विन देऊनही ताप उतरेना. पण तो गोळ्या ओकत होता, म्हणून त्यावरून काही ठरवता येईना. गावात मात्र सगळं ठरून गेलं होतं. ते ठरवणारे माझे काकाच. दुकानाच्या पायरीवर बसून ते सांगत, आमच्याच घरातली पोर तिथं जंतू पोसते, माणसाचं रक्त पाजते, आणि पूजेला येऊन प्रसाद वाटून गेली. आरोग्य खात्याची माणसं गल्लीत रक्त घ्यायला गेली तर लोकांनी दारं लावून घेतली. म्हणाले, आमचं रक्त नेऊन त्यांच्या बाटलीत घालतात.

काका एके दिवशी बसने आमच्या घरी आले. चहा घेतला नाही. वडिलांना म्हणाले, गणपती जवळ आलाय. यंदा तुम्ही सगळे या, पण मंजूला आणू नका. गावात राहायचंय मला. वडील धाकटे भाऊ. ते काकांना फाटकापर्यंत सोडायला उठले. मी दारातच उभी होते. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आमच्या मराठी घरांत गणपती म्हणजे वर्षाचा सण; त्याला न येणं म्हणजे त्या घरचं नसणं. काका गेल्यावर आई म्हणाली, दुसरीकडे बदली मागून घे.

मी बदली मागितली नाही. आधी हा जंतू आपल्या बशीतून गेला की नाही ते बघू, असं मनाशी ठरवलं. शिवरामच्या रक्ताची नळी इस्पितळातून मागवली आणि त्याच्या जंतूसाठी वेगळी बशी लावली. शेजारी आमच्या जुन्या जंतूची. दोन्हीत क्लोरोक्विनचे सारखेच थेंब घातले. जिल्बेरने पाठ फिरवून बश्यांवर खुणा केल्या, म्हणजे काच बघताना कुठली कुणाची ते मला कळू नये. हे त्यानेच सुचवलं. म्हणाला, तुला जे हवंय तेच तुला दिसेल. माझ्यावरचा त्याचाही संशय, पण तो कामाचा.

पुढच्या दिवशी मी पट्ट्या वाचल्या. एका बशीत सगळे जंतू आक्रसून काळे ठिपके झालेले. दुसरीत अंगठ्या वाढून फुटायला आलेल्या, जणू औषध घातलंच नव्हतं. जिल्बेरने खुणा वाचल्या. मेलेले आमचे होते, जगलेले शिवरामचे. आमचा जंतू मिस्ये पियेरच्या आठवड्याच्या गोळीने मरणारा. हा त्याच गोळीला न जुमानणारा. असले हट्टी जंतू तेव्हा पूर्व आफ्रिकेत वाढू लागल्याचं आम्ही ऐकून होतो. शिवरामला लगेच क्लोरोक्विनऐवजी क्विनाइन सुरू झालं आणि त्याचा ताप उतरू लागला.

मी तडक डॉक्टरांकडे गेले, सगळं सांगितलं, आणि म्हटलं, आता मागची खोली दाखवा. त्यांनी उठून कुलूप उघडलं. पिंजऱ्यांत एकही जिवंत डास नव्हता. जाळीच्या तळाशी वाळलेल्या पायांचा नि पंखांचा भुगा. ते म्हणाले, कधीच मेले. मी परदेशी, जिथे शिकलो तिथे, कळवून बसलोय की डास तयार आहेत. पुन्हा जमवीन, मग सांगेन, असं वाटलं. इतके दिवस मला ज्या खोलीची भीती वाटली, तिच्यात नुसती लाज कोंडलेली होती.

आमच्यावरचा आळ आमच्यापुरता फिटला. पण जंतू आला कुठून? शिवरामच्या आसपास कुणीतरी हिंडतंय, ज्याला ताप नाही आणि ज्याच्या रक्तात चंद्रकोरी आहेत. तो सापडेपर्यंत आणखी किती शिवराम, कुणाला ठाऊक.

दोन दिवसांनी काकू प्रयोगशाळेच्या फाटकाशी उभी. क्वात्र बॉर्नच्या बाजारात साड्या घ्यायला आले, म्हणाली. काकांच्या मुलाचं, आनंदचं, लग्न ठरलं होतं. आनंद मालवाहू बोटीवर खलाशी; महिना-दीड महिन्यापूर्वी रजेवर आला होता. पूजेला मी त्याला पाहिलं होतं. दांडगा, उन्हाने रापलेला, सगळ्यांना हसवणारा. त्या घरातला सगळ्यात धडधाकट माणूस तोच. मला त्याने अत्तराची बाटली दिली होती आणि आपण शेजारच्या रेउनियों बेटाहून आलो असं सांगितलं होतं. तिथे हिवताप नाही, म्हणून बंदरावर त्याचं बोट कुणी टोचलं नाही.

काकूने मला बाजारात नेलं. कापडाच्या दोन दुकानांच्या मध्ये उभी राहून, एक साडी हातात चुरगाळत, ती माझ्याकडे न बघता बोलली.

"मंजू, त्याला बोटीवर लाफ्येव, थंडीताप, आला होता. मोम्बासाला. कापत होता म्हणे. गोळ्या दिल्या, उतरला. घरी येऊन सांगितलं त्यानं आम्हाला."

मोम्बासा म्हणजे पूर्व आफ्रिका. मी विचारलं, काकांना ठाऊक आहे?

"त्यांनीच सांगितलं, बोलू नको. पोरीकडच्यांना कळलं तर म्हणतील रक्तात खोट आहे. आणि मग शिवराम पडला." तिने चुरगाळलेली साडी सरळ केली. "तुझ्यावर बोलतात ते मी रोज ऐकते, बेटी. आता ऐकवत नाही."

गल्लीत रक्त घेणारी माणसं आली त्या दिवशी आनंद लग्नाचे कपडे बघायला क्युरपिपला गेला होता. मुद्दाम गेला की सहज, ते मला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेटी घेऊन गावाला गेले. काका ओट्यावरच होते. मला बघून उठले आणि दार अडवून उभे राहिले. तुला येऊ नको म्हटलं होतं, म्हणाले. मी म्हटलं, सणाला नाही आले, कामाला आलेय. आनंदचं बोट हवंय.

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी आत काकूकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. मग हळू आवाजात म्हणाले, "लग्न होऊ दे. मग ने त्याचं बाटलीभर रक्त. आत्ता नको. तू या घरची आहेस ना?"

या घरची. गणपतीला नको असलेली मी त्या एका वाक्यापुरती पुन्हा घरची झाले. मी म्हटलं, समोर शिवराम मरता मरता वाचला. त्याच्या घरात अजून माणसं आहेत. काका दारातून हलले नाहीत. आनंदच बाहेर आला. त्याने हसायचा प्रयत्न केला आणि बोट पुढे केलं. म्हणाला, मला काय झालंय? मी तर ठणठणीत आहे. मी म्हटलं, म्हणूनच आले.

ती पट्टी मी रंगवली आणि भिंगाखाली ठेवली. फार शोधावं लागलं नाही. एक चंद्रकोर, थोडं पुढे दुसरी, मग तिसरी. महिनोन् महिने बशीत जुनं रक्त साठवून, मेणबत्त्या जाळून आम्ही ज्या मोठ्या मिनतवारीने पिकवल्या होत्या, त्या माझ्या चुलतभावाच्या रक्तात आपसूक पिकल्या होत्या, आणि बशीतल्यांपेक्षा सुरेख होत्या. मला आनंद झाला हे खरं सांगते. त्याची लाजही त्याच वेळी वाटली.

मी डॉक्टरांना कळवलं आणि त्यांनी आरोग्य खात्याला. आनंदला चंद्रकोरी मारणारी निराळी गोळी दिली. गल्लीतली छतं कोरडी केली, घरं फवारली, आणि या वेळी लोकांनी दारं उघडली, कारण आता संशयाला नवं घर मिळालं होतं. त्या वस्तीत दुसरा रुग्ण निघाला नाही.

मग एका पावसाळी दुपारी सरिता आली. आनंदशी जिचं लग्न ठरलं होतं ती, क्युरपिपला शाळेत शिकवणारी मुलगी. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. छत्री बाहेर ठेवून ती बाकावर बसली आणि म्हणाली, घरचे भांडतायत, मला बघायचं आहे. मी तिला दोन पट्ट्या दाखवल्या, औषधाआधीची आणि नंतरची. पहिलीकडे ती खूप वेळ बघत राहिली. यांचा त्याला त्रास होत नाही? तिने विचारलं. मी म्हटलं, ज्याच्यात आहेत त्याला नाही. दुसऱ्याला. आणि आता त्या गेल्या आहेत, त्याचं रक्त स्वच्छ आहे, लग्नाला यात काही आड येत नाही. हे मी तिला स्पष्ट सांगितलं.

तिने डोळा भिंगापासून काढला. "तो शेजारी इस्पितळात होता, तेव्हा आनंद घरीच होता?"

होता, मी म्हटलं.

"आणि तुमच्यावर आळ घेत होते, तेव्हा?"

तेव्हाही होता.

तिने मान हलवली, आभार मानले, छत्री घेतली आणि गेली. त्या आठवड्यात तिने लग्नाला नकार कळवला. तिच्या वडिलांनी गावात कारण रक्ताचं सांगितलं. तेच लोकांना सहज पटणारं होतं. आनंद रजा संपायच्या आधीच बोटीवर परत गेला. काकांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. त्यांच्या लेखी त्यांच्या मुलाचं लग्न मी मोडलं. शिवराम बरा होऊन टोमॅटो घेऊन फ्लाकच्या बाजारात बसू लागला, पण दोन्ही घरांच्या मधला रस्ता एकदम रुंद झाल्यासारखा झाला.

आमच्या बश्या पुढे काही काळ चालल्या. मग एक गंमत झाली. इतका काळ डासाचं तोंड न बघता वाढलेल्या त्या जंतूने चंद्रकोरी द्यायचं हळूहळू बंद केलं. कितीही दाटी करा, मेणबत्त्या बदला, नुसत्या अंगठ्या. असं होतं हे नंतर इतरांकडूनही ऐकलं. डॉक्टरांची बदली झाली, नव्या साहेबांना हा उद्योग धोक्याचा वाटला. मी आणि जिल्बेरने बश्या जंतुनाशकात बुडवल्या. जिल्बेर म्हणाला, आता रविवारी मी काय करू?

मी पुन्हा काचपट्ट्यांकडे वळले. काही वर्षांनी ब्रीझे वेर्दिएरचा आरोग्यसेवक पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन आला आणि म्हणाला, तुमच्या गावाकडे एक म्हातारा भेटला, फार विचित्र. अंगात ताप, पण बोट देईना. पट्टी कोण बघणार, असं विचारत राहिला. मी त्याला सांगितलं, प्रयोगशाळेत बघतात. तो म्हणे, नाव सांग. तुमचं नाव सांगितलं, तर लगेच बोट पुढे केलं. वर म्हणाला, तिलाच बघू दे, ती लपवायची नाही.

पट्टीवर काकांचं नाव होतं. मी ती आधी एकदा वाचली, मग पुन्हा, मग कडेकडेनेही वाचली. काही नव्हतं, साधा पडशाचा ताप असावा. पट्टी स्वच्छ आहे असा निरोप त्याच माणसाबरोबर पाठवला. काकांकडून उत्तर आलं नाही, गणपतीचं बोलावणंही आलं नाही. पण पुढच्या पावसाळ्यात त्यांना पुन्हा ताप आला, तेव्हा बोट देण्याआधी त्यांनी पुन्हा तेच विचारलं.